वेंडेलचा बर्च

वेंडेल ऑस्ट्रँडर माझा समोरचा शेजारी. आयुष्यभर आमच्या रिव्हरसाइड गावात टपाल वाटलं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याची बायको ग्रेटा विस्मरणाच्या आजारानं शुश्रूषागृहात होती. दर रविवारी तो तिला घरी आणायचा. नवऱ्याला ती ओळखत नसे. "हे गृहस्थ कोण गं?" असं मलाच विचारायची. पण अंगणातला बर्च दिसला की खुलायची. तो तिनंच लावलेला. पांढऱ्या खोडावर हात फिरवत म्हणायची, "केवढा झालाय बघा!" मग त्या अनोळखी गृहस्थाचा हात धरून निमूट घरात जायची. तेवढ्यावर हा माणूस पुढचा आठवडा काढायचा.

दुष्काळाचं चौथं वर्ष होतं. दारात हिरवंगार लॉन ठेवणं म्हणजे पाण्याची चोरीच वाटू लागली होती. गल्लीतल्या सगळ्यांनी लॉन मारून टाकलं, वेंडेलनंही टाकलं. गवत मरावं म्हणून त्यावर पुठ्ठे अंथरले, वर लाकडाचा भुसा, मध्येमध्ये लॅव्हेंडर, सेज, घायपात. फवारे कायमचे बंद.

"पिझ्झ्याचे खोकेही पुरलेस की काय रे?" मी रस्त्यापलीकडून ओरडले.

"तुझ्याकडे असतील तर दे, मार्जरी. रोज तेच तर जेवतेस!"

बाग देखणी झाली, खोटं कशाला बोलू. पण बर्च इतकी वर्षं लॉनच्याच पाण्यावर जगत होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. फवारे गवतासाठी असतात, एवढीच आमची अक्कल.

जुलैत शेंडा वाळला. वेंडेल बुंध्याशी नळी सोडून तासन्‌तास बसू लागला. झाडं कापणारा आला, सालीतली भोकं दाखवून म्हणाला, "आजोबा, किडा शिरलाय. तहानलेल्या झाडालाच गाठतो तो. आता पाणी ओतून उपयोग नाही."

"अहो, पण ती रविवारी येते ना," वेंडेल म्हणाला.

त्या माणसाला काय कळणार? झाड छपरावर कोसळण्याआधी कापावं लागलं.

रविवारी गाडी दारात थांबली. ग्रेटा उघड्या खिडकीतून बघत राहिली.

"चल, उतर. घर आलं."

"हे कुणाचं घर?" तिनं विचारलं. "साहेब, मला परत सोडा बरं. माझी माणसं वाट बघत असतील."

मी धावत गेले. "अगं ग्रेटा, मी मार्जरी!" तिनं घाईघाईनं काच वर केली.

त्यानंतरच्या रविवारी गाडी हललीच नाही. मी जाऊन खडसावलं, "आणायला गेला नाहीस?"

बर्च होता तिथे, भुशात उभा होता. म्हणाला, "कुठे आणू?"