चषकावरची पावडर

सकाळी एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा आणि ह्यांचा हरवलेला मोजा शोधण्याची मोहीम चालू असताना दारावर थाप पडली. उघडलं, तर चकचकभाऊ. कोपरापर्यंत पांढरेफटक.

"पिठाच्या डब्यात पडलात की काय, भाऊ?" हे आतून ओरडले.

भाऊ हसले नाहीत. "वहिनी, चष्मा घ्या आणि चला. तुमची नजर बारीक आहे."

समोरच्या शाळेतलं पितळ-चांदी भाऊ बत्तीस वर्षं घासताहेत, घंटेपासून दाराच्या कड्यांपर्यंत. त्यात शर्यतीचा चांदीचा चषक म्हणजे जीव की प्राण. त्यात बघून भांग पाडावा, असा लखलखीत. कालपासून एक फोटोवाली बाई आली होती. चहूबाजूंनी शेकडो फोटो काढायचे, ते जोडून संगणकात चषक जसाच्या तसा उभा करायचा. पण फोटोत चषक येईचना. येत होत्या खिडक्या आणि तिचंच नाक. तिनं सांगितलं, चकाकी घालवा, टाल्कम पावडरचा पातळ थर द्या.

"बत्तीस वर्षं उजळवलं, आता मळवू?" असं कुरकुरतच भाऊंनी फडक्यात पावडर बांधून हलक्या हातानं थर बसवला होता.

शाळेत जाऊन बघते, तर तिरप्या दिव्याखाली चषक खडूसारखा दिसत होता. अंगावर विजेत्यांच्या नावांच्या ओळी.

"सगळ्यात वरची वाचा."

पहिलं अक्षर लागलं. दुसरं अर्धं. पुढे सगळं गुळगुळीत.

"माझ्या ताईचं नाव आहे ते. म्हणजे होतं." भाऊ मटकन स्टुलावर बसले. "दर फोनला विचारते, माझं नाव आहे ना रे? मी म्हणतो, आहे की, रोज पुसतो! खोटं नाही हो बोललो. त्या चकाकीत कळलंच नाही, ते झिजतंय. माझ्याच हातानं, वहिनी. आणि आज चारला ती बघायला येतेय."

भाऊ, तुमच्या हाताला जादू आहे, असं मीच कितीदा म्हटलं होतं.

फोटोवाली ओलं फडकं घेऊन पुढे आली. "माझे फोटो झाले. पुसून टाकते."

भाऊंनी तिचं मनगटच धरलं, मग ओशाळून सोडलं.

"पावडर आहे तोवर दीड अक्षर तरी दिसतंय, बाई. चार वाजेपर्यंत पुसू नका."