निळ्या धाग्याची गाठ

धामणगाव बढ्यात कलाबाईला विसरभोळी म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. कोण काय बोललं, कुठं उभं राहून बोललं, तेव्हा अंगात कोणता सदरा होता, सगळं बाईच्या ध्यानात. क्षमेचं प्रवचन ती विहारात मन लावून ऐकते आणि घरी येऊन आपल्या मनासारखंच करते.

नवरा जानराव वायरमन. खांबावरून पडून त्याचा पाय अधू झाला, तेव्हापासून तो ओट्यावर बसून दुरुस्तीची कामं करायचा. शेजारी बसून कलाबाई शिकली, आणि पाहता पाहता नवऱ्यापेक्षा तिचाच हात साफ झाला. आठवडी बाजारात ती लाइटच्या माळा विकायची. माल चीनचा होता आणि तिनं ते कधी लपवलं नाही, खोक्यावर छापलेलंच असायचं. पण एकही माळ ती जशीच्या तशी विकत नसे. घरी प्रत्येक माळ लावून बघायची, मेलेला दिवा बदलायची आणि पिनेपासून वीतभर अंतरावर निळ्या धाग्याची दुहेरी गाठ मारायची. चौदा एप्रिलचे झेंडे शिवून उरलेली रिळं घरात पडून होती, म्हणून धागा निळा. गाठ म्हणजे बाईची हमी. माळ बंद पडली तर गाठ दाखवायची, ती फुकटात नीट करून द्यायची.

गावात घरोघरी ती गाठ होती. एका भगवानराव शेठच्या घरी तेवढी नव्हती. चौकातलं मोठं दुकान त्यांचं, आणि कलाबाईच्या हातची वस्तू त्यांच्या उंबऱ्याच्या आत जात नसे. का जात नसे, हे गावात कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं.

तीन वर्षांमागच्या दिवाळीत शेठला अचानक देश आठवला. बाजाराच्या दिवशी वीस-पंचवीस जण घेऊन ते कलाबाईच्या दुकानापुढे आले. विदेशी मालाची होळी करायची होती. तिच्या तीन पोती माळा उचलून चौकात नेल्या, रॉकेल ओतलं, भाषण झालं. दुश्मनाचा माल विकणारी ही चीनवाली देशद्रोहीच, असं शेठ म्हणाले. पांढरा सदरा, गळ्यात तिरंगी पट्टा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात ते लोकही होते ज्यांच्या घरावर त्या संध्याकाळी कलाबाईच्याच माळा लागायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राखेशी गेली. लोकांना वाटलं, रडायला गेली. बाई राख चाळत होती. वायरमनची बायको ती, तीन पोती माळा जळल्या तर राखेत तांबं किती उरतं हे तिला बरोबर माहीत. निघालं मूठभर. म्हणजे जळलं होतं जेमतेम अर्धं पोतं. बाकीचा माल चौकातल्याच दुकानात गेला हे तिला त्याच क्षणी कळलं, पण दाखवायला हातात काय होतं? तिनं ती तार बिस्किटाच्या डब्यात घातली आणि डबा फळीवर ठेवून दिला.

माल गेल्याचं तिनं सोसलं. नाव नाही सोसलं. 'चीनवाली' हे नाव तिला चिकटलं आणि तिच्याहून जास्त तिच्या पोरीला, सारिकाला चिकटलं. आठवीतली पोर. वर्गात शिरली की मागच्या बाकावरून 'चीनवाली आली बे' सुरू. महिन्याभरात तिनं जेवण सोडलं. शेवटी कलाबाईनं तिला जळगाव जामोदला मावशीकडे शिकायला धाडलं. एस.टी.च्या खिडकीत बसलेल्या लेकीनं आईकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. त्या दिवशी कलाबाईनं मनात ठरवलं, की ज्या तोंडानं हे नाव दिलं त्याच तोंडाला ते परत करायचं.

मधल्या काळात तिनं बांबूच्या काड्या आणि कागद आणून आकाशकंदील बनवले. अस्सल इथले, स्वतःच्या हातचे. होळीत टाळ्या वाजवणारे आले, कंदील उलटसुलट करून बघितला, 'महाग हाये' म्हणाले आणि पुढे गेले, तेव्हा बाई पुन्हा माळांकडे वळली. असा हा आपल्या लोकांचा देशाभिमान, टाळ्या फुकटच्या असतात म्हणून वाजतात.

यंदा चौदा ऑगस्टला दुपारी ग्रामपंचायतीतून बोलावणं आलं. भगवानराव शेठनं इमारतीला चाळीस स्वदेशी माळा दान दिल्या होत्या आणि त्यातली एक पेटत नव्हती. जानरावला शिडी चढवेना, म्हणून ती गेली. वर चढून तिनं पिनेजवळची वायर हातात घेतली आणि तिथं निळा धागा. दुहेरी गाठ. शेजारच्या माळेला तीच, तिच्या शेजारच्या माळेलाही तीच.

शेठनं खोकी बदलली होती, तिरंगी छापाची नवी करून घेतली होती. बराचसा माल त्यांनी लांब साखरखेर्ड्याकडे खपवला, उरलेला दान करून टाकला. धागा मात्र त्यांना कंपनीचाच वाटला. ज्यानं जन्मात कलाबाईची माळ घरी नेली नाही त्याला तिची गाठ कशी ओळखू येणार? कलाबाईनं बिघडलेली माळ नीट केली आणि मुकाट्यानं खाली उतरली. जानरावलासुद्धा ती काही बोलली नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. शेठच्या अभिनंदनाचा ठराव आला. शाल झाली, नारळ झाला. एकेक माळ आपण स्वतः कारखान्यात जाऊन निवडली, सगळा माल आपल्या मातीतला, असं शेठ बोलले. कलाबाई उठली. तिनं लोंबतं टोक धरून एक माळ खाली ओढली आणि बायकांमध्ये बसलेल्या शालूबाईच्या हातात दिली. शालूबाई वरच्या आळीतली शेतकरीण, दर दिवाळीची गिऱ्हाईक.

"ही गाठ कोनाची हाये, सांगा बरं," कलाबाई म्हणाली.

शालूबाईनं चष्मा सारखा केला. "तुह्यीच की. माह्या घरी हायेत ना चार."

माळ हातोहात फिरली. ज्याच्या हातात गेली तो गाठ बघून शेठकडे बघायला लागला. मग कलाबाईनं पदराखालून बिस्किटाचा डबा काढला आणि मूठभर तांबं टेबलावर, नारळाशेजारी ओतलं. राखेचा हिशोब तिनं दोन वाक्यांत सांगितला. शेठच्या खांद्यावरची शाल घसरली, ती उचलायला कोणी वाकलं नाही. ठराव तसाच राहिला आणि मागून कोणीतरी हळूच म्हणालं, चीनवाले शेठ.

नाव चिकटायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत दुकानाला लोक तेच म्हणू लागले.

दिवाळीच्या तोंडावर शेठ स्वतः कलाबाईच्या ओट्याशी आले. आयुष्यात पहिल्यांदा. माल भरून देतो म्हणाले, चौकात उभा राहून चुकलो म्हणतो म्हणाले. तिनं मान हलवली नाही. मग त्यांचा आवाज बसला. नात छकुली सातवीत होती. शाळेतली पोरं तिला चीनवाली म्हणत होती, पोर जेवत नव्हती.

"कलाबाई, गाव तुह्यं ऐकते. एक शब्द टाक. लेकराचा काय गुन्हा हाये?"

कलाबाईचे हात थांबले. काळीज हललं तिचं, खोटं कशाला सांगू? एस.टी.च्या खिडकीतलं ते फिरवलेलं तोंड तिच्या डोळ्यांपुढं आलं, आणि जेवणावरून उठणारी दुसरी पोरही आली. जानराव आतून खाकरला, म्हणजे जाऊ दे आता.

तिनं रिळाचा धागा दातानं तोडला, मांडीवरच्या माळेला गाठ मारली आणि ओढून घट्ट केली.

"माह्या सारिकानं तीन वर्सं काढली, शेठ," ती म्हणाली. "तुमच्या छकुलीले आता कुठी दोन महिने झाले."