वापरून झालेला कोळसा

पेल्याला माझी बोटं लागली होती. तेवढ्यात लॅबचे साहेब म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे. तुमच्या वस्तीला टँकर येतो ना? त्याचं पाणी पी."

पाणी बघायला आलेले पाहुणे हसले. मीही हसले. आजही ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पेल्यातलं ते पाणी मीच शुद्ध केलं होतं. कारखाना साखरेचा, सहकारी. मी तिथल्या प्रयोगशाळेत, बीएस्सी झालेली, पण रोजंदारीवर. दुष्काळाचं साल. विहिरी तळाला गेलेल्या, अधिकाऱ्यांच्या वसाहतीला एकच बोअर चालू, आणि त्याच्या पाण्यात शिसं. मागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या, दुसरं काय होणार? मग मी पऱ्हाटीचा कोळसा केला. कापूस वेचून वाळलेली पऱ्हाटी झाकणबंद पिंपात जाळायची, कोळसा ॲसिडात भिजवायचा, पुन्हा भाजायचा, धुवायचा. दिसायला साधा कोळसा. आत मात्र डोळ्यांना न दिसणारी छिद्रंच छिद्रं. पाणी त्यातून खाली उतरतं, शिसं छिद्रांत चिकटून बसतं. चार महिने माझे हात काळे होते. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या लॅबनं केलं." लॅब म्हणजे कोण, ते कुणी विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी कोपऱ्यातल्या गोणीकडं बोट केलं. छिद्रं भरली की कोळसा बदलावा लागतो. वापरून झालेला तो सगळा त्या गोणीत होता.

"हे घेऊन जा वस्तीत. सरपण मिळंना म्हणतेस ना? नाहीतरी फेकायचंच हाय."

मी म्हणाले, "बरं साहेब. लई उपकार झाले."

असं म्हणाले मी! मला माहीत होतं. चिकटलेलं शिसं कुठं पळून जात नाही, ते गोणीतच बसलेलं, हे त्या कारखान्यात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी उचलली. कावून? आई सरपणाला पार धारूरच्या डोंगरापर्यंत जायची, पाय सुजवून यायची, हे एक. दुसरं सांगायची लाज वाटते, पण सांगते. साहेबांनी पहिल्यांदाच मला काहीतरी देऊ केलं होतं आणि तोंडातून 'नाही' निघेना. मनाला समजावलं, चुलीत जळून गेल्यावर काय राहतंय? धुरात राहतं, राखेत राहतं. शिकलेली बाई मी, तरी मनाला असं समजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई दारात बसून बोटानं दात घासत होती. ओठ काळेशार. पुढं वाटीत बारीक कुटलेली पूड.

"राखुंडी कशाची गं?"

"तूच आणलेल्या कोळशाची की. लई मऊ हाय, हिरड्यांना लागत न्हाई. शेजारी बी दिली, सहा घरी."

मी तिचा हात ओढला. वाटी उडाली. "थुक! आधी थुक!"

"कावून? येड लागलं का तुला?"

तिला सगळं सांगितलं. ती चूळ भरता भरता थांबली.

"तुला ठाव व्हतं?"

"व्हतं."

तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी न्हाई."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सहा घरं फिरले. दारात उभं राहून म्हणायचं, राखुंडी परत द्या, त्यात विष हाय, मीच आणलंय. शेवटच्या दारात एक पोरगी "आत्या, बघ ना" म्हणत काळे दात काढून हसली. मी पदरानं तिचे दात पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी गोणी साहेबांच्या टेबलावर नेऊन आदळली. त्यांचे कागद काळे झाले.

"साहेब, तुमचं तुम्ही घ्या." दात घासल्याचंही सांगितलं.

"अगं, चिमूटभर पोटात गेलं तर काय होतंय? उगं बाऊ करू नको."

"काय होत न्हाई ना? मग उद्या तुमच्या घरी ह्यानंच दात घासा."

साहेब उठून उभे राहिले. "लई शहाणी झालीस. उद्यापासून येऊ नको."

"येणार. ही गोणी बंद पिंपात, कारखान्याच्या कुलपात जाईपर्यंत रोज येणार."

ह्या वेळी खाली मान घातली नाही.

आईचं आणि त्या सहा घरांतल्या सगळ्यांचं रक्त तपासायला बीडला दिलंय. रिपोर्ट येईल तो येईल. तो वस्तीच्या विहारात सगळ्यांपुढं मीच वाचणार. कोळसा कुणी दिला ते सांगणार, कुणी उचलून आणला तेही सांगणार. वस्ती मला जे बोलेल ते ऐकून घेणार. आणि मग तोच कागद घेऊन कारखान्याच्या गेटात बसणार. नोकरी मागायला नाही. आमच्या घरांत शिसं पाठवलं, हे कारखाना लेखी कबूल करेपर्यंत तिथून उठणार नाही.