के. आर. नगरच्या वाटेवर आप्पा

पहाटेच्या धूसर उजेडात पोहण्याच्या तलावातलं पाणी निळं नसतं. ते राखाडी असतं, जड असतं, आणि त्याच्यावर तरंगणाऱ्या विरळ वाफेमुळे उगाच ऊबदार वाटतं. काठावर बसून मी पहिला पाय आत सोडला, तेव्हा गारठा घोट्यातून चढत थेट दातांपर्यंत पोचला. आजूबाजूला रबरी टोप्या घातलेली माणसं हात झटकत, माना फिरवत, आपापल्या धास्तीशी एकेकटी बोलत उभी होती. क्लोरिनचा उग्र दर्प, ओल्या फरशीचा निसरडेपणा, कुणाच्या तरी शिट्टीचा मध्येच फुटणारा आवाज. आणि या सगळ्यात माझं काळीज शिलाई मशीनसारखं धडधडत होतं. बावन्नाव्या वर्षी मी इथे का आले होते?

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर एवढंच म्हणेन, की मला स्वस्थ बसता येत नाही. हे आजचं नाही. आमच्या अग्रहार वस्तीतल्या घरात मी लहानपणी जेवायला बसले, तरी ताटाभोवती माझी चुळबूळ चालायची. आई आमच्या म्हैसूरच्या मराठीत, म्हणजे अर्धं कन्नड घालून, म्हणायची, ‘सुम्ने बस गं!’ गप्प, निवांत, काही न करता बस. तेवढंच मला कधी जमलं नाही. पुढे हेब्बाळच्या एका कंपनीत हिशेब तपासण्याची नोकरी लागली. दिवसभर खुर्चीत बसायचं, कंपनीच्या बसमधून जायचं आणि यायचं. लग्न केलं नाही. वरच्या खोलीत राहिले, खाली धाकटा भाऊ गोपाळ, त्याची बायको आणि आप्पा. आयुष्य सुरळीत होतं, आणि त्या सुरळीतपणात एक अनामिक तगमग सतत हिंडत असे, बंद खोलीत शिरलेल्या चिमणीसारखी. म्हणून मी पळायला लागले; मग सायकल घेतली; मग पन्नाशीत पोहायला शिकले. पोहायचं, तसंच ओलेत्याने सायकलवर बसायचं, सायकल टाकून पळायचं, आणि मध्ये कुठे विसावा नाही: ट्रायथलॉन हा खेळ माझ्यासारख्यांसाठीच कुणीतरी शोधला असावा!

पण त्या वर्षी माझ्या तगमगीला एक नवं, भयाचं अस्तर लागलं होतं. आप्पा विसरू लागले होते. आधी चष्मा, मग दिवस, मग माणसं. जन्मभर पायमशीन चालवलेले माझे शिंपी वडील, गोपाळने दुकान हाती घेतल्यावर काही वर्षं ओसरीत शांत बसत. आणि आता अचानक त्यांच्या पायांत कुणीतरी चावी भरल्यासारखं झालं होतं. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत ते चालत राहत. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. माणसाला बसवत नाही. मी मान डोलावली, आणि डॉक्टरांच्या टेबलाखाली माझा स्वतःचा पाय हलतो आहे हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. ज्याला मी आयुष्यभर माझा स्वभाव म्हणत आले, तो स्वभाव होता की येऊ घातलेल्या कशाची तरी पहिली चाहूल? हे मी कुणाला विचारलं नाही. सरावाचे तास तेवढे वाढवले. शरीर माझ्या आज्ञेत आहे, हे मला स्वतःलाच सिद्ध करून दाखवायचं होतं.

तर शिट्टी वाजली आणि आम्ही पाण्यात उतरलो. पहिल्या फेरीतच कुणाचा तरी कोपर माझ्या कपाळावर आदळला, नाकात पाणी गेलं. पण पाण्याचा एक न्याय आहे: घाई केली की ते बुडवतं, त्याचं ऐकलं की ते पुढे ढकलतं. मी ऐकलं. बाहेर आले तेव्हा हातापायांत कंप होता आणि मनात अचाट आनंद. केस पुसायलाही न थांबता शिरस्त्राण चढवलं, काळा चष्मा लावला आणि सायकल बाहेर काढली.

सायकलचा मार्ग हेब्बाळच्या कारखान्यांवरून के. आर. नगरच्या रस्त्याला लागत होता. रोज बसच्या काचेतून पाहिलेला तो रस्ता त्या सकाळी किती वेगळा होता! रविवारची बंद फाटकं, चहाच्या टपरीवरचा धूर, मग कारखाने विरळ होत गेले आणि दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची शेतं पसरली, त्यांच्यावर धुकं अंथरलेलं. वारा ओल्या कपड्यांतून आरपार जात होता. माझ्या वयाच्या दोघींना मी मागे टाकलं होतं. पुढे वळण दिसत होतं, तिथे हिरवा झेंडा घेऊन एक स्वयंसेवक उभा होता; तिथून माघारी फिरायचं आणि मग तळ्याकाठचं शेवटचं पळणं. होणार, हे आज होणार, असं मी मोठ्याने म्हणाले.

आणि रस्त्याच्या कडेने, माझ्याकडे पाठ करून, एक म्हातारा माणूस झपझप चालताना दिसला. पांढरं धोतर, तपकिरी स्वेटर, काखेत कापडी पिशवी.

पाठीवरून माणूस ओळखू येतो. आपलं माणूस तर पावलावरून. मी ब्रेक इतक्या जोरात दाबला, की मागचं चाक घसरलं. आणि खरं सांगू? मनात पहिल्यांदा माया उमटली नाही, भीतीही नाही. संताप उमटला. आजच? आजच का, आप्पा?

“आप्पा!” मी हाक मारली.

ते वळले. माझ्या शिरस्त्राणाकडे, काळ्या चष्म्याकडे, दंडावर शाईने लिहिलेल्या स्पर्धेच्या आकड्याकडे त्यांनी सौजन्याने पाहिलं, रस्त्यातून अदबीने बाजूला झाले आणि हात पुढे करून म्हणाले, “होगी अम्मा, होगी.”

जा बाई, जा. एवढाच त्याचा अर्थ. वाट मागते आहे असं वाटून एका अनोळखी बाईला त्यांनी वाट दिली होती. पण आमच्या घरात एक अलिखित रीत आहे: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. बावन्न वर्षांत आप्पा माझ्याशी कधी निव्वळ कन्नडात बोलले नव्हते. त्या तीन शब्दांनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं.

मी शिरस्त्राण काढलं. चष्मा काढला.

“शालू?” त्यांचे डोळे बारीक झाले. “केस ओले कसे गं? सर्दी हुईल की!”

“आप्पा, कुठे निघालात?”

“के. आर. नगरला. लग्नघर आहे. मापं घ्यायची राहिलीत.” ते पुन्हा चालायला लागले. “उशीर झालाय. तू जा घरी.”

तरुणपणी ते दर लग्नसराईत के. आर. नगरला जात, हे मला ठाऊक होतं. घरोघर फिरून मापं घेत, कपडे शिवून पोचवत. पण अग्रहारापासून इथवर ते त्या सकाळी कसे आले, बसने की रिक्षाने की पायी, हे आम्हाला अजूनही कळलेलं नाही. मी सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालू लागले. शेजारून स्पर्धक सुसाट जात होते. मागे टाकलेल्या दोघीही गेल्या, त्यांतली एक ओरडली, “कमॉन, मॅडम!”

वळणावरचा स्वयंसेवक धावत आला. हेब्बाळच्या कुठल्याशा कारखान्यात फोरमन असलेला, पन्नाशीचा, स्थूल, हसरा माणूस. अंगात चकाकणारं, ढगळ, पोपटी जाकीट. “एनाय्तु मेडम? पंक्चरा?” काय झालं, म्हणून त्याने विचारलं.

“नम्म तंदे,” मी म्हणाले. आमचे वडील. पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्याने आप्पांच्या चालीकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला.

फोनवर गोपाळ नुकताच झोपेतून उठलेला होता. “आप्पा? आप्पा खोलीत झोपलेत की.” मग दार ढकलल्याचा आवाज. मग अगदी लहान मुलाच्या आवाजात, “अक्का, खोली रिकामी आहे.”

“माझ्याजवळ आहेत. ये लवकर.”

आता प्रश्न होता तो गोपाळ येईपर्यंत आप्पांना थांबवायचं कसं. हात धरला तर त्यांनी हिसडा दिला. “सोड! लोक वाट बघत असतील!” त्यांचा आवाज चढला. मला रडू फुटणार, तेवढ्यात ते थबकले. फोरमनच्या जाकिटाकडे टक लावून पाहू लागले. “खांदा उतरलाय,” ते पुटपुटले. “कुणी शिवलं हे?” आणि पिशवीतून त्यांनी मापाची टेप काढली. पिशवीत दुसरं काहीच नव्हतं.

तो भला माणूस क्षणभरही गोंधळला नाही. झेंडा काखेत मारून, दोन्ही हात पसरून, तो भर रस्त्यात मापं द्यायला उभा राहिला. आप्पांची बोटं त्याच्या खांद्यावरून, छातीवरून, मनगटावरून फिरू लागली. अचूक, हळुवार, कुठेही न चुकणारी. प्रत्येक आकडा ते खणखणीत उच्चारत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, “लिही.” कागद कुठला? फोरमनने मार्करचा पेन दिला, आणि माझ्या दंडावर, स्पर्धेच्या आकड्याखाली, मी त्याची छाती, खांदा, बाही लिहून घेतली. तेवढा वेळ आप्पांचे पाय जमिनीवर स्थिर होते. कित्येक महिन्यांत मी ते तसे पाहिले नव्हते. सायकली सरसर जात होत्या, धुकं वर उठत होतं, आणि माझे वडील रस्त्याच्या कडेला आपल्या कामावर होते. त्या दृश्याला दुःखद म्हणावं की सुंदर, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

गोपाळ स्कूटरवरून आला तो अनवाणीच. आप्पांना मिठी मारावी की रागवावं, हे न कळून तो नुसता हँडल धरून उभा राहिला. “मापं झाली, आप्पा,” मी म्हणाले. “झाली नव्हं? मग चला,” म्हणत ते निमूट मागे बसले. गोपाळ मला म्हणाला, “तू पण चल, अक्का. आता काय राहिलंय?”

उत्तर आप्पांनी दिलं. “तिला जाऊ दे की रे. तिला सुम्ने उभं राहायला कधी जमलंय?”

ते हसले. ओळखीचं हसू होतं ते, माझ्यासाठीचं, माझ्याकडे पाहून हसलेलं. स्कूटर वळली. मी सायकलवर बसले आणि परतीच्या त्या रिकाम्या रस्त्यावर, वाऱ्याच्या तोंडावर, हमसून हमसून रडत पाय मारत राहिले.

सायकली ठेवायच्या जागी पोचले तेव्हा निम्म्याहून अधिक माणसं निघून गेली होती. टेबलाशी बसलेल्या बाई अवघडून म्हणाल्या, “टाइम आय्तु, मॅडम.” वेळ संपली होती. घोट्यावर बांधलेली वेळमापक पट्टी सोडून मी त्यांच्या हातात दिली. “तरी पळू का?” मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. “पळा की. तळं काही बंद होत नाही.”

कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठाने मी पळाले. आता मला कुणी मोजत नव्हतं. सकाळी फिरायला आलेले निवृत्त लोक, हातात हात घातलेली जोडपी, झाडांवर पंख वाळवत बसलेले पाणपक्षी, यांच्यामधून एक घामाने ओलीचिंब, दमलेली बाई पळत होती, एवढंच. पोटऱ्यांत गोळे येत होते. आणि त्या वेदनेतून एक विचार सारखा वर येत होता: आप्पा आजारामुळे चालतात, हे खरं; पण ते कुणाकडे तरी जायला निघाले होते. त्यांच्या मनात लग्नघर होतं, वाट पाहणारी माणसं होती. मी इतकी वर्षं धावते आहे ती कुणाकडे? मी नुसतीच निघते. ज्या भीतीला मागे टाकायला मी पळत होते, ती माझ्या आधी पुढे जाऊन रस्त्यात धोतर नेसून उभी राहिली होती; आणि तिने मला अदबीने वाट दिली होती! समाप्तीची कमान सापडली तेव्हा तिच्यातली हवा काढून ती घडी घातली जात होती. मी तिला वळसा घालून गेले.

घरी गोपाळ दाराला नवं कुलूप लावायला बसला होता. त्याच्या हातातला पेचकस घसरत होता. “आतून लावू या, अक्का. दुसरा उपाय आहे का?”

“रात्री लाव,” मी म्हणाले. “पहाटे मी काढत जाईन.”

तेव्हापासून रोज पहाटे आप्पा आणि मी निघतो. मी त्यांना वळवत नाही. ते ज्या गल्लीत शिरतात तिथे मीही. कधी ते मला शालू म्हणतात, कधी आईच्या नावाने हाक मारतात, कधी दुकानातलं गिऱ्हाईक समजतात. बहुतेकदा काही बोलतच नाहीत. स्पर्धेचं यंदाचं आवाहन आलं, ते मी उघडून पाहिलं आणि ठेवून दिलं, जाईनही, नाहीही. पायांतली शिवशिव गेलेली नाही. ती जाईल असं आता मला वाटतही नाही.

परवा मात्र चालता चालता आप्पा एका बंद दुकानाच्या पायरीवर अचानक बसले. मी उभीच राहिले. दूधवाला गेला, फुलवाल्या बाईने टोपली उतरवली, उन्हाची पहिली तिरीप समोरच्या भिंतीवर आली. आप्पा काही उठेनात.

“निघू या का?” शेवटी मीच विचारलं.

त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली. “थांब की जरा,” ते म्हणाले. “बस.”

मी बसले. सोपं नव्हतं.