सहायक हाय न्हवं?

मी शिरवळच्या एका कारखान्यात, स्टोअरला, सहायक आहे. माण तालुक्यातल्या आमच्या वाडीत माझ्या वडिलांना, आबांना, या हुद्द्याचं फार कौतुक. मेंढरं घेऊन कुणीही आडवा आला की सांगायचे, "पोरगा सहायक हाय आमचा."

आई गेल्यावर आबा एकटेच राहायचे आणि दिवसातून चार-पाच फोन करायचे. नेमके गाडी खाली करायच्या वेळी. शेळी व्याली, बोअरचं पाणी आटलं, जेवलास का. शेवटी मी माझा जुना फोन त्यांना नेऊन दिला. त्यात एआयचं ॲप होतं, माझ्याच खात्यावर चालणारं. म्हणालो, "आबा, कामात फोन नका करू. काय असंल ते यात लिहा."

"लगीच पोचतंय व्हय तुला?"

"पोचतं."

हे 'पोचतं' मी गेल्या रविवारपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. यंत्र त्यांच्याशी बोलत राहील, मला निवांतपणा मिळेल, एवढाच माझा हिशोब. तसा मिळालाही. माझ्या ॲपमधल्या यादीत अधूनमधून 'शेळीचा आजार', 'बोअरचे पाणी' असे मथळे दिसायचे. ते कुणाचे हे मला कळत होतं. मी बोटानं वर सरकवायचो.

आबा शेळ्यांच्या गोठ्यातच गेले. शेजाऱ्यांना सकाळी दिसले. दहाव्याला माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, सगळ्यांसमोर विचारलं, "दुखतंय खुपतंय, तुला कायबी बोललं न्हाईत?"

"नाही. एका शब्दानं नाही."

ती सासरी, कवठे महांकाळला परत जाताना आबांची काठी आणि तो फोन घेऊन गेली.

याला आता पाच महिने झाले. गेल्या रविवारी दुपारी मला बढतीचा जुना अर्ज हवा होता. तो एआयकडूनच लिहून घेतला होता. घरात कुणी नव्हतं. ॲपमध्ये शोधायची चौकट असते, तिच्यात 'सहायक' टाकलं. माझे अर्ज आले, आणि त्यांच्यात नजर पडली ती या ओळीवर:

"तू सहायक हाय न्हवं, मग सायबाला इचारून ये की."

उघडलं. यंत्रानं सरळ लिहिलं होतं, "मी एआय सहायक आहे. मी तुमचा मुलगा नाही." आबांनी 'एआय' हे कारखान्याचं नाव धरलं असणार. सहायक तर त्यांना पाठच होता. खाली त्यांनी विचारलं होतं, "रागावलास व्हय लेका?"

मी थांबायला हवं होतं. पण चौकटीत 'छातीत दुखणे' टाकलं. काही नाही. 'दम लागणे' टाकलं. काही नाही. जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं, ही चौकट लिहिलेली अक्षरंच शोधते, आणि आबा चौथी शिकलेले, बोलायचे तसंच लिहायचे. आयुष्यभर मी त्यांना सुधारत आलो, 'आहे' म्हणा, 'नाही' म्हणा. आता त्यांना शोधायचं तर त्यांच्याच तोंडानं बोलावं लागणार होतं. मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणून बघितलं. आवाज हुबेहूब त्यांचा निघाला. तसंच टाकलं: 'काळजात कळ'.

सापडलं.

"काळजात कळ येतीया. डावा हात जड झालाय."

"लगेच दवाखान्यात जा. जवळच्या माणसाला आत्ताच सांगा."

"तुलाच सांगतुया न्हवं. सुट्टी न्हाई का तुला?"

आबा गेले त्याच्या आदल्या दिवसाचं ते बोलणं. त्याखाली काही नसायला हवं होतं. पण पान अजून खाली सरकत होतं. आणखी अक्षरं होती, आणि ती त्या रविवारच्याच सकाळची होती. तोच फोन, तसंच लिहिणं. खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं आबाच लिहितायत.

"तू सहायक हायीस न्हवं? मग खरं सांग. आबांचं हे माझ्या भावानं वाचलं हुतं का?"

"ते मला माहीत नाही. ते तुमचे भाऊच सांगू शकतील."

आक्का. पाच महिने फोन तिच्याच हातात होता. दर आठवड्याला आमचं बोलणं व्हायचं, पोरं कशी हायत, ऊन लय हाय, आणि त्यातलं एक अक्षर तिनं कधी काढलं नाही. मी आपणहून सांगायची ती वाट बघत होती. आज दमली आणि यंत्राला विचारून बसली.

मी त्याच ओळीखाली लिहायला लागलो; खातं एकच, तिकडं तिलाही ते दिसणार होतं. बोटांनी 'नाही' लिहिलं. खोडलं. मग लिहिलं: "न्हाई आक्का. वाचलं न्हवतं. 'मला पोचतंय' असं सांगून मीच आबांना फसवलं हुतं."

यंत्राचं उत्तर ओळीओळीनं उमटायला लागलं. मी ते वाचलं नाही. फोन वाजला.

आक्का होती. म्हणाली, "लिवू नगंस. तोंडानं सांग."

मी सांगितलं.