भज्यांखालचं पान
कागदात मुरलेल्या भज्यांच्या तेलाचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि आमच्या गावचा छोटा हिंदी पेपर ब्राह्मणपाऱ्यातलं जुनं ऑफिस सोडून पंडरीत काचेच्या इमारतीत गेला होता. माझे बाबा तिथे कंपोझिटर. छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवत त्यांनी अर्धं आयुष्य पानं लावली होती. उद्घाटनाच्या पूजेनंतर सगळ्यांना कागदावर भजी दिली. मी दोन खाल्लीसुद्धा, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातला कागद ओढला. "हे पुराच्या बातमीचं पान आहे. म्या लावलं होतं." पाहते तर आचाऱ्याशेजारी जुन्या अंकांच्या बांधीव फायली पडलेल्या आणि एकजण त्यातली पानं टराटरा फाडतोय. मी पेपरच्या तरुण मालकाला गाठलं. "भैया, ये तो अपने पेपर की फाइलें हैं!" तो हसला. "दीदी, नई राजधानी में पुराना कचरा कौन ढोएगा?" मी पुढे काही बोलणार तोच बाबा म्हणाले, "जाऊ दे ना पोट्टे, काहून भांडून राहिली?" तेव्हा मालकापेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला. त्यांनी पान रुमालानं टिपलं, घडी घालून खिशात ठेवलं. आता बाबा नाहीत. परवा त्याच पेपरात चौकट आली: आमचा इतिहास छापायचा आहे, कुणाकडे जुने अंक असल्यास द्यावेत, सत्कार करू. ते पान माझ्याकडे आहे, तेलाच्या डागासकट. देणार नाही. वास घ्यायला मात्र मालकानं जरूर यावं.