कोरड्या माळाचा हट्ट

माझ्या पायाला भिंगरी आहे असं बायको म्हणते, आणि ते खरंच आहे. जुन्या लढाया टेबलावर मांडून खेळायचा मला नाद. अंगठ्याएवढे घोडेस्वार आणि प्रत्येकाच्या पायाखाली लाकडाची चकती. त्या चकतीवरची जमीन खरी वाटली नाही तर मला चैन पडत नाही. खंडाळ्याकडचा उतार करायचा होता तेव्हा नुसता मुरमाचा रंग बघायला मी इतक्या चकरा मारल्या, की तिथला चहावाला मला जमिनीचा एजंट समजायला लागला.

यंदा हवा होता कवठे महांकाळकडचा माळ. उघडा, खडकाळ, कुसळांनी भरलेला. रविवारी साताऱ्यात मित्राशी सामना ठरलेला आणि माझ्या चकत्या अजून कोऱ्या. आईचं माहेर त्याच बाजूचं, म्हणून तिला गाडीवर मागे बसवून माधवनगरहून निघालो.

पोचलो तर माळ होता कुठे? कालव्याचं पाणी आलेलं, जिकडेतिकडे द्राक्षाच्या बागा. माझं डोकंच फिरलं.

"सगळ्याची वाट लावून ठेवली," मी म्हणालो.

आईचं लक्षच नव्हतं. चपला काढून, पाटात पाय सोडून ती बसली होती आणि एकटीच हसत होती. "आमी हंडाभर पाण्यापायी लय लांब जायचो रं," ती म्हणाली. तिचा मला हेवा वाटला. मला असं कुठे टेकताच येत नाही. ऊन कललं की मातीचा रंग बदलतो, म्हणून माझी सारखी चुळबूळ चाललेली.

"आई, चल ना. एखादा कोरडा तुकडा दाखव."

"कोरडं बघून काय करतुयास?"

तरी उठली. टेकाडामागे पाणी न पोचलेला एक तुकडा राहिला होता, तिथे मला घेऊन गेली. मी फोटो काढले, पिशवीभर माती, खडे, कुसळं गोळा केली. ती तेवढा वेळ त्या तुकड्याकडे पाठ फिरवून उभी होती.

चकत्या मात्र अशा जमल्या की मी स्वतःवरच खूश झालो. भेगा, पांढुरके खडे, वाळकं गवत. आता फक्त स्वार चिकटवायचे राहिले होते. सामन्याच्या आदल्या दिवशी कामावरून घरी आलो तर सगळ्या चकत्या ओल्याचिंब. माती फुगून आलेली आणि तिच्यावर, दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसे, अळीव पेरलेले. शेजारी आई पाण्याची वाटी घेऊन बसलेली.

मी ओरडलोच. "अगं, मला तो माळ हुबेहूब पाहिजे होता!"

"मग हुबेहूबच केलाय की," ती म्हणाली, आणि वाटीतलं उरलेलं पाणी बोटांनी शिंपडत राहिली. "पाणी आलंय आता तिथं."